ताजी टर्की, गोठलेली टर्की आणि पोळ्याची कर

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा आला की अमेरिकेतल्या आमच्या कंपूत एकच विषय पेटतो. थँक्सगिव्हिंगला टर्की आणायची ती ताजी की फ्रोजन? मी दोन वर्षं मिनियापोलिसला ऑनसाइट होतो, आता पुण्यात परत आलोय, तरी हा प्रश्न दरवर्षी फिरून माझ्याकडे येतोच. चार मराठी पोरं, भाड्याचा फ्लॅट, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि सहा-सात किलोचा एक पक्षी. दुकानात फ्रोजन टर्की जवळजवळ फुकटात (गिऱ्हाईक आत यावं म्हणून दुकानदार ती तोट्यातही विकतात) आणि पलीकडच्याच कपाटात 'फ्रेश' अशी चिठ्ठी लावलेली, भाव दुप्पट-तिप्पट. मग वाद. एक म्हणतो पैसे वाचवा, दुसरा म्हणतो सणाच्या दिवशी शिळं खायचं का?

माझं उत्तर ठरलेलं आहे, ते शेवटी सांगतो. पण या प्रश्नामागचा इतिहास मला त्या पक्ष्यापेक्षा जास्त चविष्ट वाटतो, म्हणून हा विकांत त्यावर खर्च केला. सुरुवात अमेरिकेतून न करता केनवडपासून करतो, कारण 'ताजं' या शब्दाचा अर्थ मी तिथे शिकलो. शाकाहारी मंडळींनी इथूनच रजा घेतली तरी राग नाही :-)

केनवड म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं माझं गाव. जिल्हा माझ्याच वयाचा, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. आमच्या वऱ्हाडात मटणाचा मोठा सण म्हणजे पोळ्याची कर. श्रावणातली अमावास्या म्हणजे पोळा. त्या दिवशी बैलांची पूजा आणि पुरणपोळी, आणि दुसऱ्या दिवशी कर. महिनाभर श्रावण पाळलेला असतो, त्यामुळे करीच्या दिवशी सकाळी गावात जी लगबग असते ती बघण्यासारखी. पुण्या-मुंबईकडे लोक श्रावण सुरू व्हायच्या आधी गटारी करून घेतात, आम्ही श्रावण संपल्यावर वसूल करतो. हिशेब शेवटी एकच.

करीला मटण दुकानातून 'आणलं' जात नसे, वाटा घेतला जाई. पाच-सात घरं मिळून एक बोकड ठरवायची. तो आठवडाभर आधीपासून कुणाच्या तरी अंगणात बांधलेला असायचा, म्हणजे सगळ्यांनी त्याला चालताना, खाताना बघितलेलं असायचं. पहाटे कापला जायचा, आणि पळसाच्या पानांवर वाटे पडायचे. प्रत्येक वाट्यात थोडं मऊ, थोडं हाडाचं, काळजाचा एक तुकडा. मग एका पोराला पाठमोरं उभं करायचं, मोठा माणूस एका वाट्यावर बोट ठेवून विचारणार "हा कोणाचा?", आणि पोरगं मागे न बघता नाव घेणार. लहानपणी हे काम मी दोनदा केलंय. पुढे संगणकशास्त्रात रँडम वाटपाचे अल्गोरिदम शिकवले तेव्हा मला ते नवीन वाटले नाहीत.

माझी आजी कुठल्याही मांसाला तीन प्रश्न विचारायची. "कवा मारलं? कोनं मारलं? कोठी मारलं?" तिन्हींची उत्तरं मिळाली तर ते ताजं. एकही अडलं तर शिळं, मग ते कितीही लालभडक दिसो. लक्षात घ्या, ती चवीबद्दल विचारत नव्हती. ती साक्षीदार शोधत होती.

आता हे काही वऱ्हाडी खेड्याचं वैशिष्ट्य नाही. थंडी साठवायची सोय नसेल तर मांस टिकवायचा बिनमिठाचा, बिनधुराचा एकच मार्ग उरतो: जनावर जिवंत ठेवणं. जिवंत बोकड हाच आमचा फ्रीज होता. विजेऐवजी तो चारा खायचा एवढाच फरक. आणि टर्कीचं अगदी तसंच होतं. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यातून लंडनच्या बाजारात टर्कींचे कळप चालत नेत. शंभरेक मैल. वाटेत पाय सोलू नयेत म्हणून त्यांचे पाय डांबरात बुडवून वाळूवर चालवत, म्हणजे बुटाचा तळ तयार! डॅनियल डिफो (रॉबिन्सन क्रूसोवाला) याने १७२० च्या दशकात आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलंय की स्टूर नदीवरच्या एकाच पुलावरून एका हंगामात टर्कींचे ३०० कळप जात, आणि एकेका कळपात ३०० पासून १,००० पर्यंत पक्षी. सरासरी धरून त्याने आकडा काढला दीड लाख. अमेरिकेतही व्हरमाँटहून बॉस्टनला असेच कळप हाकत नेत. म्हणजे आजच्या भाषेत कोल्ड चेन नव्हती, पण सप्लाय चेन होती, आणि ती स्वतःच्या पायांनी चालत होती.

इथे जरा आडवाट घेतो, कारण या पक्ष्याच्या नावाची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. टर्की मूळची मेक्सिकोची. १६ व्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली. इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानातून आली, म्हणून 'टर्की'. तुर्कांना वाटलं हिंदुस्थानातून आली, म्हणून ते तिला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंच नाव 'दँद', त्याचाही मूळ अर्थ 'हिंदुस्थानची'. डच तर आणखी नेमके, त्यांच्या 'काल्कून' या शब्दात आपलं कालिकत लपलंय. पोर्तुगीज म्हणाले 'पेरू', दक्षिण अमेरिकेतल्या देशावरून. सगळ्यांनी नावं ठेवली, मेक्सिकोचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही.

आणि हिंदुस्थानात ती आली कुठून? तर गोव्यातून. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्यातून चिजा खरेदी करून आग्र्याला परतला, त्यात काही विचित्र प्राणी होते. बादशहाने आत्मचरित्रात लिहिलंय की यांची नावंसुद्धा कुणाला माहीत नव्हती. त्यातल्या एका पक्ष्याचं वर्णन वाचलं की लगेच कळतं: लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान, डोकं आणि मान क्षणोक्षणी रंग बदलणारी. त्याने दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या शेजारून हा पक्षी ४०० वर्षांपूर्वी चालत गेला, पण आपल्या ताटात काही बसला नाही. कोंबडी आधीच घरची होती, परसात फिरून किडे-दाणे खाऊन वाढणारी. मग अंगणभर जागा व्यापणारा हा पाहुणा पोसायचा कुणी? (हा माझा तर्क, चुभूद्याघ्या.)

असो. पुन्हा मुद्द्यावर. थंडी विकत घेता येते ही कल्पना आपल्याकडे पहिल्यांदा मांसासाठी नाही, सरबतासाठी आली. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक हिकमती व्यापारी होता. हिवाळ्यात तळी गोठली की त्यांचा बर्फ कापायचा, लाकडाच्या भुशात गुंडाळायचा आणि गरम देशांना विकायचा, हा त्याचा धंदा. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा १०० टनांच्या आसपास शिल्लक होता! पुढच्याच वर्षी मुंबईला बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली अशी बातमी 'मुंबई समाचार'ने दिली, असा किस्सा सांगतात. बर्फ साठवायला मुंबईत वर्गणीतून खास इमारत बांधली गेली. मद्रासची तशीच इमारत अजून उभी आहे, समुद्रकिनाऱ्यावरचं विवेकानंद इल्लम म्हणजे तेच जुनं आइस हाउस.

पण हा बर्फ साहेबाच्या ग्लासात आणि दवाखान्यात गेला. मांस गोठवून लांब पाठवायचं तर बर्फ पुरत नाही, यंत्र लागतं. ते १८७०-८० च्या दशकात जमलं. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडहून 'डनेडिन' नावाचं शिडाचं जहाज सुमारे ५,००० मेंढ्या-कोकरांचं गोठलेलं मांस घेऊन निघालं. शिडं वाऱ्यावर आणि कोळशावर चालणारं शीतयंत्र पोटात. वाटेत धुरांड्याच्या ठिणग्यांनी शिडं पेटायची भीती, आणि विषुववृत्तावर वारा पडल्यावर आतली थंड हवा नीट फिरेना म्हणून कप्तान जॉन व्हिटसन स्वतः भोकं पाडायला आत घुसला आणि गारठून मरता मरता वाचला. मे अखेरीस लंडन गाठलं. जवळजवळ सगळं मांस उत्तम. त्या दिवसापासून लंडनच्या मजुराच्या ताटात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचं मटण येऊ लागलं. आजीचे तिन्ही प्रश्न एका फटक्यात बाद! कधी मारलं? तीन महिन्यांपूर्वी. कोणी, कुठे? साहेब, नकाशा बघा.

तरीही गोठलेलं म्हणजे हलकं, गरिबाचं, ही समजूत गेली नाही, आणि ती उगाच नव्हती. मांस हळूहळू गोठलं की त्यातल्या पाण्याचे मोठे स्फटिक बनतात, ते पेशींची आवरणं फाडतात, आणि वितळताना सगळा रस वाहून जातो. उरतो तो चोथा. यावरचा उपाय क्लॅरेन्स बर्ड्सआय या माणसाला १९१२ नंतर कॅनडातल्या लॅब्राडॉरमध्ये दिसला. तो गेला होता लोकरी कातड्यांच्या व्यापारासाठी. तिथले इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे काढत आणि शून्याखाली ४० अंशांच्या वाऱ्यात ते बघता बघता दगड होत. महिन्यांनी शिजवले तरी चव ताज्यासारखी. गावातल्या लोकांना शेकडो वर्षं माहीत असलेली गोष्ट याने समजून घेतली: किती थंड यापेक्षा किती लवकर, हे महत्त्वाचं. साधारण उणे १ ते उणे ५ अंश हा टप्पा झटकन ओलांडला की स्फटिक बारीक राहतात. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर प्रश्न क्षमतेचा नव्हता, लेटन्सीचा होता.

त्याने थंड पट्ट्यांमध्ये पाकीट दाबून गोठवणारं यंत्र बनवलं, पेटंट घेतली, आणि १९२९ मध्ये सगळं २.२ कोटी डॉलरला विकलं. महामंदी सुरू व्हायच्या तोंडावर! मुहूर्त असावा तर असा. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावच्या दुकानांत त्याची गोठवलेली पाकिटं विक्रीला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरात फ्रीज आला आणि मग टर्कीचा हंगामच संपला. वर्षभर कापा, वर्षभर गोठवा, नोव्हेंबरात विका. यातून नवीनच अडचण उभी राहिली: दगड झालेला पक्षी वितळवायचा कसा हे बायाबापड्यांना कळेना. म्हणून बटरबॉल कंपनीने १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगसाठी चक्क फोनवरचा हेल्पडेस्क सुरू केला. पहिल्या वर्षी सहा जणी आणि ११,००० फोन. सपोर्टमध्ये काम केलेल्यांनी या सहा जणींना मनोमन नमस्कार करावा.

आता येतो माझा सगळ्यात आवडता भाग. 'फ्रेश' म्हणजे नक्की काय, यावरून अमेरिकेत चक्क सरकारदरबारी भांडण झालं. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कोंबडीवाल्यांची तक्रार अशी की लांबच्या राज्यांतले मोठे कारखानदार पक्षी दगडासारखे कडक होईपर्यंत थंड करतात, ट्रकने आणतात, दुकानात वितळवतात आणि 'फ्रेश' म्हणून विकतात. तोपर्यंतच्या नियमात ते बसतही होतं. शेवटी कृषिखात्याने रेघ ओढली, आणि डिसेंबर १९९७ पासून ती लागू झाली. जो पक्षी कधीही २६ फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे उणे ३.३ सेल्सिअसच्या खाली गेलेला नाही, तो फ्रेश. शून्य फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे १८ च्या खाली गेलेला तो फ्रोजन. आणि मधला? मधल्याला नावच नाही! ना ताजा, ना गोठलेला. त्रिशंकू.

बघा, या व्याख्येत 'कधी मारलं' हा प्रश्नच नाही. फक्त थर्मामीटर आहे. त्यामुळे थँक्सगिव्हिंगची 'फ्रेश' टर्की कित्येक दिवस, कधी कधी काही आठवडे आधी कापलेली आणि शून्याच्या जरा खाली सांभाळलेली असू शकते. उलट फ्रोजन टर्की कापल्यानंतर लगेच गोठवलेली असते. मरणापासूनचं घड्याळ लावलं तर दगड झालेली टर्की 'ताजी'पेक्षा ताजी निघू शकते. हे मी आमच्या फ्लॅटमधल्या त्या दुसऱ्या मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आपण दुप्पट पैसे कशाचे देतो?" थंडी राखण्याच्या कौशल्याचे, आणि एका शब्दाचे.

मग माझी आजी चुकीची होती का? अजिबात नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय, कारण शहरात आलेल्या आमच्या पिढीला गावच्या माणसांच्या सवयींवर अडाणीपणाचा शिक्का मारायची फार घाई असते.

भारतीय बनावटीचा फ्रीज गोदरेजने १९५८ मध्ये आणला. आमच्या घरी तो यायला नवं शतक उजाडलं. आणि आला तो कुठल्या काळात? ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण जन्माला आली, तो काळ म्हणजे महाराष्ट्रातल्या भारनियमनाचा कळस. खेड्यात दिवसाचे दहा-बारा तास लाईन नसणं ही बातमी नव्हती, वेळापत्रक होतं. डीपी जळाली तर आठवडा गेला. आमच्या फ्रीजमध्ये फ्रीजपणाचं काम माठाइतकंच चालायचं, वर आई त्यात लोणच्याच्या बरण्या आणि महत्त्वाचे कागद ठेवायची. अशा फ्रीजमध्ये गोठवलेलं मांस दिवसातून दोनदा अर्धवट वितळणार आणि पुन्हा हळूहळू गोठणार. म्हणजे बर्ड्सआयने जे टाळायला यंत्र काढलं, नेमकं तेच रोज घडणार, शिवाय जंतूंची चंगळ वेगळी. फ्रोजन हे फक्त उत्पादन नाही, ते एक आश्वासन आहे. कापल्या क्षणापासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत एकदाही वीज गेली नाही, हे आश्वासन. २००७ च्या केनवडात ते कोण देणार होतं? आजीचे तीन प्रश्न हा त्या परिस्थितीतला सगळ्यात शास्त्रशुद्ध तपास होता. देशातली बहुतेक शीतगृहं बटाट्यासाठी बांधलेली, आमच्याकडे कोण येतो मांसासाठी शीतगृह बांधायला?

आणि या विश्वासाला तडा कसा जातो तेही मी लहानपणीच पाहिलं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, भारतातला पहिलाच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही सापडला, म्हणजे आमच्या बाजूला सरकत असल्यासारखं वाटलं. तोपर्यंत ब्रॉयलर गावोगाव पोचला होता. १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सहा आठवड्यांत तयार होणारी पांढरी कोंबडी हे स्वस्तातलं मांस झालं. आमच्या ओळखीतल्या एकाने कर्ज काढून नुकतंच शेड टाकलं होतं. नवापूर तिथून चारशे किलोमीटरच्या आसपास, त्याच्या कोंबड्या ठणठणीत, पण कुणी फुकट घेईना. ७० अंशांवर नीट शिजवलं की विषाणू मरतो, हे सरकार सांगत होतं आणि आपला रस्सा तर तासभर रटरटतो. कोण ऐकतो! त्या कोंबड्या डोळ्यांसमोर कापल्या तरी 'ताज्या' ठरल्या नाहीत. कधी, कोणी, कुठे या तीन प्रश्नांची उत्तरं होती, पण चौथा प्रश्न आला होता, "कशानं?", आणि त्याचं उत्तर डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेत दिसतं. त्या शेडमध्ये नंतर बरीच वर्षं कडबा ठेवत. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला पुन्हा बर्ड फ्लू सापडला तेव्हा मी घरी फोन केला. वडील म्हणाले, "आता लोक आठ दिवसच भेतात." एवढा फरक पंधरा वर्षांत.

वाट्याची आठवण मी वर मोठ्या प्रेमाने सांगितली, पण तिची दुसरी बाजू लपवणं बरं नाही. त्या पाच-सात घरांत कोण असेल हे कोण ठरवायचं? जात ठरवायची. पाठमोरं उभं राहिलेलं पोरगं जी नावं घ्यायचं, ती नावं आधीच गाळून घेतलेली असायची. वाटप रँडम, पण यादी नाही. काही घरांचं मांस वेगळं, वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांकडून. आजीच्या दुसऱ्या प्रश्नात, "कोनं मारलं?" यात, स्वच्छतेबरोबर हेही होतंच, आणि ते मला मोठेपणी कळलं. सुपरमार्केटच्या फ्रीजरमधलं पाकीट असलं काही विचारत नाही. त्याला घेणाऱ्याचं आडनाव लागत नाही. हा काही त्या कंपनीचा उदारपणा नाही, बारकोडला आडनाव वाचता येत नाही इतकंच. पण माझ्या एका गाववाल्या मित्राने, ज्याच्या घराला आमच्या वाट्यात कधी बोलावणं नव्हतं, पुण्यात पहिल्या पगाराला गोठवलेल्या कोंबडीची दोन पाकिटं आणून आम्हाला जेवायला घातलं होतं. तो म्हणाला, "यात कोणाचा वाटा नाही, सगळं मीच विकत घेतलंय." त्या जेवणाला मी शिळं म्हणू शकत नाही.

अर्थात बारकोडला उधारीही कळत नाही. करीला ज्यांच्याकडे पैसे नसायचे त्यांचा वाटा सोयाबीन निघेपर्यंत वहीत लिहून ठेवला जायचा.

शहरात याच पाकिटाचा आणखी एक उपयोग आहे, तो पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांना ठाऊक असेल. माझ्या एका घरमालकांची अट होती, घरात मांसाहार नको. खाटकाच्या दुकानातली काळी पिशवी जिन्यातून नेताना ओळखू येते. गोठलेलं चौकोनी पाकीट मात्र वाटाण्याच्या पाकिटासारखंच दिसतं. पुढचं सांगत नाही :-)

तर मंडळी, उत्तर. अमेरिकेत असाल आणि पाच-सहा दिवस आधी विचार करत असाल, तर बिनधास्त फ्रोजन घ्या. तिथे थंडीची साखळी तुटत नाही, आणि जी 'फ्रेश' म्हणून मिळते ती आजीच्या अर्थाने ताजी नाहीच. आजूबाजूला शेतावरून त्याच आठवड्यात कापून देणारा शेतकरी असेल तर गोष्ट वेगळी, मिनेसोटात असे आहेत (टर्की उत्पादनात ते राज्य अमेरिकेत सगळ्यात पुढे). तिथे तिन्ही प्रश्न विचारता येतात, मग पैसे द्या. भारतात उलट. समोर कापून देणारा माणूस विश्वासाचा असेल तर त्याच्याकडूनच घ्या, आणि पाकीट घ्यायचं तर जिथे फ्रीजर उणे १८ दाखवतो आणि पाकिटाच्या आत बर्फाचे खडे साचलेले नाहीत, तिथूनच. आत खडे म्हणजे ते मधे कधीतरी वितळून पुन्हा गोठलंय.

टर्की घेतलीत तर चिठ्ठी वाचा. अनेक फ्रोजन पक्ष्यांत मिठाचं पाणी टोचलेलं असतं, टक्केवारी बारीक अक्षरात लिहिलेली असते. आपण मसाल्यात मीठ घालणारच, ते हिशेबाने घाला. वितळवायचं ते ओट्यावर नाही, फ्रीजमध्येच, दर चार-पाच पौंडांना पूर्ण एक दिवस या हिशेबाने. म्हणजे १५ पौंडांची टर्की गुरुवारी शिजवायची तर रविवारी रात्री किंवा फार तर सोमवारी सकाळी फ्रीजरमधून खाली उतरवा. विसरलात तर गार पाण्यात बुडवून, दर पौंडाला अर्धा तास, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी बदलत. आम्ही ती अख्खी भाजली नाही. सांध्या-सांध्यावर तुकडे केले, आईने दिलेला काळा मसाला, भाजलेलं खोबरं आणि कांदा वाटून रस्सा केला. छातीचं मांस कोरडं असतं ते रश्श्यात सुधारतं, तंगडीला वेळ लागतो म्हणून ती आधी टाकायची. भाकरीला ज्वारीचं पीठ देशी दुकानात मिळतं. आणि रविवारी रात्री फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा करून ठेवा, नाहीतर विरजण बाहेर राहून आंबट होतं.